पुढच्या भागापुरती पीपीएफ : दोन पावसाळ्यांनंतरचे परीक्षण

राष्ट्रीय महामार्ग ४८ वर शेंद्रे ते कागल या टप्प्याचे सहापदरीकरण सुरू झाल्यापासून पुणे–कोल्हापूर असा नेहमी प्रवास करणाऱ्या कोणाचीही गाडी पुढून नीट पाहिली, तर बॉनेटच्या कडेवर आणि बंपरवर तांदळाच्या कणीएवढे टवके हमखास दिसतात. वळणरस्त्यांवर सांडलेली खडी, भरावाचा मुरूम, ताडपत्री न बांधता धावणारे डंपर आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर डांबरावर येणारे शेतातले दगडगोटे, या सगळ्यांचा मार गाडीच्या दर्शनी भागालाच बसतो. माझी टाटा नेक्सॉन गडद निळ्या रंगाची आहे आणि तिचा बराचसा प्रवास याच रस्त्याने, अधूनमधून आंबा घाटातून रत्नागिरीकडे, असा होतो. म्हणून गाडी नवी असतानाच पुण्यातील एका डिटेलिंग स्टुडिओकडून, म्हणजे गाडीच्या रंगाची निगा राखणाऱ्या दुकानाकडून, तिच्या पुढच्या भागाला पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, सर्वांच्या तोंडी असलेली पीपीएफ, लावून घेतली. त्या कामाला आता दोन पावसाळे उलटले असल्याने त्याविषयी सविस्तर लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते. महामार्गावर नियमित फिरणाऱ्या गाडीच्या पुढच्या भागाला पीपीएफ लावणे योग्य आहे, संपूर्ण गाडीला लावणे बहुतेकांसाठी अनाठायी आहे, आणि जाहिरातींत ज्या ब्रँडवरून इतका खल चालतो त्याच्यापेक्षा फिल्म लावणाऱ्या कारागिराच्या हाताला कितीतरी अधिक महत्त्व आहे. स्टुडिओचे आणि फिल्मचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे एका तक्रारीचा उल्लेख आहे आणि ती नंतर मिटलेली आहे. शिवाय तोच रोल दुसऱ्या हाती गेला असता तर काम वेगळेच उतरले असते.

गाडीचा रंग जाडीने किती असतो, याची कल्पना आपल्याला सहसा नसते. पत्र्यावरचा गंजरोधक थर, त्यावरचा प्रायमर, मग खरा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, हे सारे मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते, आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. दगडाचा आघात मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. रस्त्यावर उसळलेल्या एकाच खड्यावर गाडी ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने आदळली, तर त्या आघातातील ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्ग यांवर रस्ता तुलनेने स्वच्छ असूनही टवके उडतात, ते यामुळेच. बंपर प्लास्टिकचा असल्याने तिथला टवका केवळ दिसायला वाईट असतो. बॉनेट पत्र्याचे असल्याने तिथला खोल टवका पत्र्यापर्यंत पोहोचला की गंजाची वाट मोकळी होते, आणि कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत तो गंज फार काळ वाट पाहत नाही.

या बाबतीत सर्वांत मोठा गैरसमज सिरॅमिक कोटिंगविषयी आहे. गाडी ताब्यात देताना शोरूममध्ये हे कोटिंग गळ्यात मारण्याचा प्रयत्न होतोच, आणि विक्रेता ते 'रंगाचे कवच' आहे असे बिनदिक्कत सांगतो. सिरॅमिक कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा असतो. त्याने पाणी थेंब होऊन घसरते, धूळ कमी चिकटते, धुणे सोपे होते आणि चकाकी टिकते, हे सगळे खरे आहे. परंतु ८० किलोमीटर वेगाने आलेल्या खडीपुढे त्याचा काहीही उपयोग नाही. फिल्मची जाडी मात्र साधारण १५० ते २०० मायक्रॉन असते, म्हणजे खालच्या संपूर्ण रंगापेक्षाही ती जाड असते, आणि ती लवचीक असल्याने आघात झेलून पसरवते. दगडापासून संरक्षण हा हेतू असेल, तर या दोन गोष्टींची तुलनाच होऊ शकत नाही.

फिल्मचा इतिहासही याच कामाचा आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि खडे यांच्यापासून वाचवण्यासाठी अमेरिकेत थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची अशी फिल्म तयार केली, पुढे ती शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि मग रोजच्या गाड्यांवर. आज आपल्या बाजारात परदेशी नावे पुष्कळ आहेत. पण छत्रपती संभाजीनगरमध्ये कारखाने असलेली गरवारे हाय-टेक फिल्म्स ही कंपनीही पीपीएफ बनवते, त्यामुळे चांगली फिल्म म्हणजे आयात केलेलीच, असे समजण्याचे कारण उरलेले नाही. खरेदी करताना खरोखर पाहायचे ते साहित्य. चांगली फिल्म टीपीयूची, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते. स्वस्तात मिळणाऱ्या काही फिल्म पीव्हीसीच्या असतात. त्या लवकर पिवळ्या पडतात, कडक होतात आणि काढताना तुकड्या-तुकड्यांनी निघून गोंद मागे ठेवतात. अर्ध्या किमतीत 'इम्पोर्टेड पीपीएफ' देऊ करणाऱ्या दुकानदाराला साहित्याचे नाव बिलावर लिहून द्यायला सांगावे. त्याच्या उत्तरावरूनच पुष्कळ काही कळते.

मी बंपर, संपूर्ण बॉनेट, दोन्ही पुढचे फेंडर (पुढच्या चाकांवरचे भाग), हेडलाईट आणि दोन्ही आरशांची पाठ एवढ्या भागांवर फिल्म लावून घेतली. काही जण बॉनेटच्या पुढच्या फूटभर पट्टीवरच फिल्म लावतात आणि पैसे वाचवतात. परंतु त्या पट्टीची आडवी रेघ बॉनेटच्या मधोमध दिसत राहते आणि तिच्या कडेला मेण, धूळ व धुण्याचा साबण साचून काही महिन्यांत ती काळपट होते. फिल्मचा रोल साधारणपणे १५२ सेंटिमीटर रुंद येतो, त्यामुळे नेहमीच्या गाडीचे बॉनेट एकाच अखंड तुकड्यात झाकता येते, आणि ते तसेच झाकावे. हेडलाईटचा आग्रह मी धरला, कारण नेक्सॉनच्या नव्या रूपात ते खाली बंपरमध्ये बसवलेले आहेत आणि खडीचा पहिला मार त्यांनाच लागतो. हेडलाईटचे आवरण काचेचे नसून पॉलिकार्बोनेटचे असते आणि त्यावरचा संरक्षक थर गेला की ते धुरकट होते. फिल्म मात्र पूर्ण पारदर्शकच हवी. धुरकट काळ्या छटेची फिल्म लावून उजेड कमी करून घेण्यात काय शोभा आहे, हे मला कळलेले नाही.

स्टुडिओत काम पाहायला मी मुद्दाम थांबले होते आणि त्याचा फायदाच झाला. गाडी नवी कोरी असली तरी आधी ती धुऊन, डांबराचे व लोखंडी कणांचे डाग रसायनाने काढून, मग क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी, फिरवून पृष्ठभाग गुळगुळीत केला गेला. बॉनेटवर पाणी आणि लहान मुलांचा शाम्पू यांचे मिश्रण फवारून फिल्म त्यावर अलगद सोडली गेली. या ओलाव्यामुळे ती सरकवून जागेवर आणता येते. त्यानंतर मधून कडेकडे रबरी पट्टीने पाणी बाहेर काढत जायचे, हे ऐकायला सोपे वाटते, पण बंपरच्या कोपऱ्यांशी आले की खरा कस लागतो. नेक्सॉनच्या बंपरला कंगोरे आणि खाचा भरपूर आहेत. तिथे फिल्म ताणावी लागते. जास्त ताणली तर ती पातळ होते आणि काही दिवसांनी आक्रसून कडेवरून सुटते, कमी ताणली तर चुण्या राहतात. कामावरचा मुलगा विशीतला असावा. तो एका हाताने हीट गन लांब धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कड आत दुमडत होता, आणि प्रत्येक वेळी अंगठा उचलण्याआधी मनात काही आकडे मोजल्यासारखा थांबत होता. मालकाने बाहेर मला ज्या गोष्टी सांगितल्या, त्या सर्वांपेक्षा त्या थांबण्यावरून मला कामाचा अंदाज अधिक आला.

कापण्याची पद्धत हा दुसरा महत्त्वाचा मुद्दा. चांगल्या स्टुडिओत गाडीच्या मॉडेलप्रमाणे तुकडे संगणकावरून प्लॉटरने आधीच कापून घेतात. जिथे ही सोय नसते तिथे फिल्म गाडीवर टाकून धारदार पात्याने कडेने कापतात, आणि हात जरा जड पडला तर फिल्मखालच्या रंगावर पात्याची रेघ उमटते. ही रेघ त्या दिवशी दिसत नाही. काही वर्षांनी फिल्म काढल्यावर दिसते, तेव्हा तक्रार करायला कोणी उरलेले नसते. माझ्या गाडीचे बॉनेट आणि फेंडर प्लॉटरने कापलेले होते, बंपरचा खालचा काही भाग हाताने. तो हाताने कापणार असल्याचे मला आधी सांगितले गेले, ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने मोजते. पुढच्या पार्किंग सेन्सरवर आणि कॅमेऱ्यावर फिल्म येऊ न देता तिथे नीट गोल कापून घेतले होते. नंबरप्लेटलाही हात लावला नव्हता, आणि लावूही नये.

गाडी घरी आणल्यावर पहिले काही दिवस फिल्मखाली पाण्याचे बारीक बुडबुडे आणि धुरकट पट्टे दिसत होते. हे मला आधी सांगितलेले असल्याने धीर धरला आणि पंधरवड्यात ते आपोआप गेले. बॉनेटवर फिल्मखाली अडकलेला धुळीचा एक कण मात्र तसाच आहे. उन्हात वाकून पाहिले तरच दिसतो, म्हणून मी तो सोडून दिला. खरी तक्रार बंपरच्या डाव्या कोपऱ्याची होती. हवा आत जाण्याच्या जाळीशेजारी जिथे फिल्म हाताने कापली होती, तिथली कड महिन्याभरात बोटभर लांबीची सुटली, तिच्या गोंदाला धूळ चिकटली आणि तिथे काळी रेघ तयार झाली. स्टुडिओच्या मालकाने आधी सगळा दोष वॉशिंग सेंटरच्या प्रेशरवर ढकलला. त्या मुलाने पाहून, "ताई, इथे आत वळवायला फिल्मच उरली नव्हती, तुकडा छोटा पडलाय," असे सरळ सांगितले, तेव्हा मालकाचा सूर बदलला. आधी तापवून कड बसवून दिली गेली; ती पहिल्याच मुसळधार पावसात पुन्हा सुटली. त्यानंतर बंपरचा संपूर्ण तुकडा पैसे न घेता बदलून दिला आणि या वेळी तो आत भरपूर वळवला. तेव्हापासून तो जागचा हललेला नाही. प्रेशर वॉशरचे म्हणणे तसे अगदीच खोटे नव्हते: फवाऱ्याची तोटी कडेपासून हातभर लांब ठेवावी आणि धार कडेखाली शिरेल अशा कोनातून कधीही मारू नये, हे मी आता प्रत्येक वॉशिंग सेंटरवर उभी राहून सांगते.

आता प्रत्यक्ष कामगिरीविषयी. पेठ नाक्याच्या अलीकडे एका डंपरमागे असताना बॉनेटवर दगड आपटल्याचा चांगलाच आवाज आला होता. उतरून पाहिले तर फिल्मवर छोटा पांढुरका खळगा होता, नखाला लागत होता, पण खालचा रंग शाबूत होता. बंपरवर अशा खुणा बऱ्याच आहेत. एका ठिकाणी टोकदार खडीने फिल्म छेदली गेली आहे. तिथेही रंगावर केवळ पुसटसा ओरखडा आहे. याउलट समोरच्या काचेशेजारचा खांब आणि मागच्या चाकापुढचा दाराखालचा भाग यांवर मी फिल्म लावली नव्हती, आणि तिथे प्रायमर दिसेल एवढे टवके उडालेले आहेत. एकाच गाडीने, एकाच रस्त्यावर, एकाच काळात खाल्लेल्या या माराची तुलना माझ्या दृष्टीने कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त बोलकी आहे.

'सेल्फ हीलिंग' या गुणाचा जो गाजावाजा होतो, तो अर्धा खरा आहे. फिल्मच्या वरच्या थरावरचे कापडाचे, ब्रशचे, झाडाच्या फांदीचे बारीक चरे उष्णतेने भरून येतात. पुण्याच्या मे महिन्यातील उन्हात गाडी दुपारभर उभी राहिली की संध्याकाळी ते दिसत नाहीत, आणि पावसाळ्यात गरम पाणी ओतले तरी काम होते. परंतु दगडाचा खळगा किंवा छेद यांपैकी काहीही भरून येत नाही. ते भरून येते असे कोणी सांगत असेल, तर तो एक तर अजाण आहे किंवा लबाड.

घाटात रात्री प्रवास केला की पुढच्या भागावर किड्यांचा थर बसतो आणि त्यांच्या शरीरातील आम्लाने क्लिअर कोटवर डाग पडतात. फिल्मवरून ते ओल्या कपड्याने सहज निघतात, मात्र दोन-तीन दिवस उन्हात तसेच राहू दिले तर फिल्मवरही डाग राहतो. पक्ष्यांच्या विष्ठेचेही तसेच. कोकणातली तांबडी माती कडांच्या रेघेत शिरते. माझ्या निळ्या गाडीवर ती जाणवत नाही, पण पांढऱ्या गाडीच्या मालकांना त्या गुलाबी रेघेची तयारी ठेवावी लागेल. चकाकीचे म्हणाल, तर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही; पार्किंगमधल्या ट्यूबलाईटचे प्रतिबिंब बॉनेटवर पाहिले की फिल्मचा किंचित संत्र्याच्या सालीसारखा पोत दिसतो. पिवळेपणा अजून अजिबात नाही.

खर्चाचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवा. मला या कामाचे जीएसटी धरून ४२ हजार रुपये पडले. संपूर्ण गाडीसाठी त्याच फिल्मचा भाव एक लाखाच्या पुढे सांगितला होता. अधिकृत वर्कशॉपमध्ये एका पॅनेलच्या रंगकामाचे मला सहा ते सात हजार सांगण्यात आले. म्हणजे चार-पाच वर्षांनी बंपर, बॉनेट आणि दोन्ही फेंडर एकदम रंगवून घेतले तरी खर्च फिल्मपेक्षा कमीच येतो. केवळ पैशाच्या हिशेबाने पीपीएफ फायद्याची ठरत नाही, आणि तसे दाखवणारे आकडे विक्रेत्याने पुढे केले तर त्यांवर विश्वास ठेवू नये.

तरीही मी ती निवडली, कारण कारखान्यातला रंग वर्कशॉपमध्ये परत मिळत नाही. कारखान्यात नुसत्या पत्र्याच्या सांगाड्यावर रंग चढवून तो साधारण १४० अंश सेल्सिअस तापमानाला भाजला जातो. पुढे गाडीत वायरिंग, रबर आणि प्लास्टिक बसलेले असल्याने वर्कशॉपच्या भट्टीत ६० अंशांच्या आसपासच थांबावे लागते, आणि त्यासाठी वापरायचा रंगही वेगळ्या जातीचा असतो. त्यातच मेटॅलिक निळ्याची छटा शेजारच्या दाराशी तंतोतंत जुळेल याची खात्री कोणीच देत नाही. जुनी गाडी घेणारे आता रंगाची जाडी मोजायचे यंत्र घेऊन येतात, आणि बॉनेट पुन्हा रंगवलेले आढळले की अपघाताचा संशय घेऊन भाव पाडतात. गाडी सात-आठ वर्षे ठेवायची असेल, रंग गडद असेल आणि महिन्यातून अनेकदा महामार्गावर जाणे असेल, तर पुढच्या भागाचा खर्च मला रास्त वाटतो. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन येणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही. त्या रहदारीत दगडापेक्षा दुचाकीच्या हँडलचे भय जास्त, आणि ते बाजूच्या दारांना असते.

वॉरंटीचा कागद बारकाईने वाचावा. पाच, सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी पिवळेपणा, तडे जाणे आणि थर सुटणे यांपुरती असते. दगडाने पडलेला छेद तिच्यात येत नाही. रोलचा अनुक्रमांक वॉरंटीच्या नोंदीत आहे ना, हे काम सुरू होण्याआधीच रोलच्या खोक्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावे, कारण नाव एका फिल्मचे आणि माल दुसरा, असे प्रकार या धंद्यात घडतात. विम्याचेही आधीच विचारून ठेवावे. माझ्या पॉलिसीत बंपर बदलला तर बंपरचे पैसे मिळतात, त्यावरच्या फिल्मचे नाहीत.

राहिलेला दाराखालचा भाग आणि काचेशेजारचे खांब यांचे काम मी यंदाचा ऊस हंगाम सुरू होण्याआधी करून घेणार आहे. स्टुडिओ तोच ठेवला आहे. फक्त फोनवर तारीख ठरवताना मालकाला आधी विचारले की तो मुलगा अजून त्यांच्याकडेच आहे ना, आणि तो ज्या दिवशी कामावर असेल त्याच दिवसाची वेळ घेतली.